बांधाबाहेरचं तिवर

अनुकूलनाचा धडा आला की दर वर्षी मला उंटाचा राग येतो. बिचाऱ्याने माझं काही वाईट केलेलं नाही. पण रोह्यातल्या, कुंडलिकेच्या काठच्या मुलांना मी वर्षानुवर्षं वाळवंट शिकवते आहे. उंटाचे तळवे गादीसारखे का, निवडुंगाला पानांऐवजी काटे का, ध्रुवावरच्या अस्वलाची कातडी जाड का. यातलं एकही जनावर मुलांच्या घराजवळून जात नाही. उंट त्यांनी पाहिलाय तो अलिबागच्या किनाऱ्यावर, पाठीवर मुंबईकरांची पोरं घेऊन मुकाट्याने चालताना. तरी पेपरात उंट येतो आणि मुलं उंट लिहितात.

त्या धड्याच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक वाक्य लिहीत असे, की अनुकूलन म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणे. गेली दोन वर्षं ते माझ्या हातून लिहिलं जात नाही. खडू घेऊन उभी राहते, आणि डोक्यात तिडीक जाते.

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. एस्टीतून रामवाडीला उतरायचं, पुढे रिक्षा, आणि रिक्षा थांबली की बांधावरून पायी. डावीकडे खाडीचं खारं पाणी, उजवीकडे भात, मधे मातीचा बांध. समुद्राकडून ओढून घेतलेली जमीन ही. म्हणून तिथलं भातही साधं नसतं. आम्ही राता लावायचो. लाल दाण्याचा, जाडा, अंगावर थोडं खारं आलं तरी तग धरणारा. माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीने त्याचा भात खाल्ला आणि विचारलं, हा तांदूळ धुतला नव्हता का? तिला काय सांगणार, कप्पाळ.

पण खरा गुरू तिवर. भरतीच्या चिखलात वाढणारं ते झाड मला पुस्तकाने दाखवलं नाही, आईने दाखवलं. मी पाच-सहा वर्षांची असेन. तिने एक पान तोडलं, उलटं केलं आणि म्हणाली, चाट. पान खारट होतं. झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं; जिभेला आधीच माहीत होतं. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, कारण खाली श्वास घ्यायला हवाच नाही. त्या मुळांवरून चालताना आम्हा मुलींच्या टाचा सोलून निघत. आणि त्याचं बी झाडावर असतानाच मोड धरतं. असं का, म्हणून मी आईला विचारलं होतं.

"त्याला येल नसतो, गो," ती म्हणाली. "भरती दिसातून दोनदा येतं. पडल्या पडल्या उभा रायला पायजे, नायतर गेला व्हावून."

माझ्या आईची शाळा दुसरीत सुटली. मी बी.एस्सी., बी.एड. झाले. अनुकूलनाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

गावाचा एक नियम होता. बांधाबाहेर, खाडीच्या अंगाला तिवराची रांग राखायची. तिच्यातलं लाकूड चुलीलासुद्धा आणायचं नाही, कारण उधाणाचं पाणी आधी त्या झाडांवर आपटतं आणि दमून मग बांधाला लागतं. बांधाच्या आत मात्र तिवराचं एकही रोप ठेवायचं नाही. दिसलं की उपटायचं, कारण एकदा ते शेतात रुजलं की शेत खाडीचं झालं म्हणून समजा. आणि बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्याने तो कुठे फोडला, तर घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर. ज्या घरचं माणूस आलं नाही, त्या घराला उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराच्या, झडपेवर धरलेल्या मासळीत वाटा नाही. माझे वडील लवकर गेले. त्यामुळे आमच्या घरचं माणूस म्हणजे आई. मांडीभर चिखलात उभी राहून पुरुषांच्या बरोबरीने चिखलाचे गोळे पुढे देताना मी तिला पाहिलंय. तीस-पस्तीस वर्षांत तिने बांधावरची एकही खेप चुकवली नाही.

मग सरकारी खात्याकडून बांध मजबूत करायचं काम आलं. ठेकेदाराचं मशीन बांधावरून जाईना म्हणून त्याने खाडीच्या अंगाने वाट काढली आणि त्यासाठी बाहेरच्या तिवराची रांग आडवी केली. जी झाडं आमच्या आज्यांनी चुलीत घातली नाहीत, ती त्याने दोन दिवसांत पाडली. वर बांधावर चिखलाऐवजी मुरूम ओतला. आमच्या शेजारचे काका, गावातले सगळ्यांत जुने बांधवाले, मशीनपुढे जाऊन उभे राहिले. खाडीच्या चिखलावर मुरूम बसत नाही, सुटून जातो, असं ते सांगत होते. ठेकेदाराने त्यांना परवानगीचा कागद दाखवला. काकांना वाचता येत नाही, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. आईने मला फोन केला, तेव्हा मी रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पेपर तपासत होते. मी म्हटलं, आई, इंजिनिअर लोक असतात ते, त्यांना कळतं. हे मी म्हटलं. उंट तपासता तपासता.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला खांड पडली, तीही नेमकी रांग तोडली होती तिथेच. पहिल्या दिवशी ती दाराएवढी होती. राता थोडं खारं सोसतो, पण कमरेएवढ्या समुद्रात उभं राहायला काही तो तिवर नाही. आठवड्यात भात करपलं. तरी गाव हादरलं नव्हतं. एक पीक जातं, दोन पावसाळ्यांत जमीन पुन्हा गोडी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भांगाचे दिवस आले, म्हणजे भरती सगळ्यांत कमी चढते ते दिवस, की खांड बुजवायची, एवढंच ठरलेलं. तो भांग गोकुळाष्टमीच्या सुमाराला येत होता. अर्धे पुरुष हमरापूरला गणपतींच्या कारखान्यांत रंगकामाला होते, ऐन घाईचे दिवस. तरी ते मूर्तींची आखणी अर्धवट टाकून दोन दिवसांची सुट्टी घेऊन आले. पेंढा आला, बांबू आले, फावडी आली.

आणि मी आले.

देवळाच्या ओट्यावर बैठक बसली होती. मी तिथे उभी राहून बोलले. माझा आवाज चढला होता, आणि मला वाटत होतं की मी बरोबर आहे. मी म्हटलं, हात लावू नका. तुम्ही बुजवलीत तर ठेकेदार सुटेल. खातं म्हणेल, कुठे आहे खांड? ज्याने पाडली त्याने भरायची. आपण किती दिवस मुकाट्याने चिखल वाहायचा? मी अर्ज लिहिते, फोटो जोडते, बघू कसे येत नाहीत. तो राग खोटा नव्हता, आजही तो मला खोटा वाटत नाही. काका एवढंच म्हणाले की उधाण अर्जाची वाट बघत नाही. लोकांची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा आई उठली. भर बैठकीत ती बाई कधी बोलायची नाही.

"माजी पोर शिकलेली हाय," ती म्हणाली. "ती थांबा बोलतेय, तर थांबू."

तिच्या शब्दाला मान होता. तीस-पस्तीस वर्षांच्या चिखलाचा मान. लोकांनी फावडी उचलून घरी नेली आणि हमरापूरचे हमरापूरला गेले.

मी तीन पानांचा अर्ज लिहिला. फार छान लिहिला होता. खात्याची माणसं आली, टेप लावून गेली. दुसरी आली, त्यांनी तोच टेप लावला. तिसऱ्या खेपेला आले ते म्हणाले, आधीची मापं आता लागू नाहीत, खांड वाढलीय. वाढणारच ना. पिठोरी अमावास्येचं उधाण गेलं, त्यापुढची पौर्णिमा गेली, आणि दाराएवढी खांड अंगणाएवढी झाली. आता ती फावड्यांनी बुजणार नव्हती.

त्या पाण्याबरोबर तिवराचं बी आत आलं. श्रावण-भादव्यात ते गळतंच. मोड धरलेलं, तयार बी. दिवाळीला गेले तेव्हा आमच्या शेतभर दोन-दोन पानं उभी होती. हिरवी, तकतकीत, ओळखायला एकदम सोपी. वर्गात दाखवायला न्यावं असं अनुकूलन.

आई रोज ओहोटीला शेतात उतरू लागली. भाताची रोपं काढतात तशी ती तिवराची रोपं मुळासकट काढायची, पाटीत ठेवायची आणि बांध ओलांडून पलीकडे, तुटलेल्या रांगेच्या जागी लावायची. आतलं बाहेर. तिचा हिशेब सरळ होता. आज ना उद्या खांड बुजेल, तेव्हा बांधाला पुढे आडोसा लागेल. वय सत्तरीला टेकलेलं. मी ओरडले तर म्हणाली, आमच्या घरचा मानूस म्हणून जाते.

शिमग्याच्या आधी वनखात्याचा एक तरुण साहेब आला. बोलायला गोड. तिवराची रोपं उपटल्याची तक्रार आहे म्हणाला, तो गुन्हा आहे. मी त्या दिवशी तिथेच होते. मी त्याला विचारलं, बाहेरची मोठी झाडं मशीनने पाडली तेव्हा कुठे होतात? तो म्हणाला, मॅडम, ते काम दुसऱ्या विभागाचं. आईने त्याला हाताला धरून बांधापलीकडे नेलं, लावलेली रांग दाखवली. त्याने ती पाहिली, मानही डोलावली. कागदावर मात्र त्याने उपटलेली रोपं लिहिली. लावलेल्या रोपांना त्या कागदावर रकानाच नव्हता. आईचा अंगठा घेताना तो समजुतीच्या सुरात म्हणाला,

"निसर्गाशी जुळवून घ्यायला हवं, मावशी."

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. कुणाला सांगतोय हा? जी बाई खाऱ्या जमिनीवर, खाऱ्या वाऱ्यात, नवरा नसताना, लाल भात पिकवून मुलीला शिकवत राहिली, तिला? जुळवून घ्या हे नेहमी ज्याचं सगळं गेलंय त्यालाच सांगतात. ठेकेदाराला कोणी सांगितलं नाही की बाबा, तू त्या रांगेशी जुळवून घे, मशीन लहान आण. चिखलाशी जुळवून घे, मुरूम ओतू नकोस. मी हे सगळं त्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीत बसून गेला.

नंतर शेताच्या कडेला संरक्षित क्षेत्राची पाटी लागली. आता तिथे खांड बुजवायलाही परवानगी लागते, आणि ती मिळत नाही, कारण पाणी अडवलं तर आतलं तिवर मरेल. मी आईला अष्टमीला घेऊन आले. तिसरा मजला, स्वच्छ फरशी, नळाला पाणी. शेजारणी म्हणाल्या, होईल सवय. मीसुद्धा तेच म्हणाले. आई रोज संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलापर्यंत जाते, कठड्याशी उभी राहून पाणी कुठवर चढलंय ते बघते आणि परत येते. भरती बघून तिला काय करायचंय, हे मी एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही. सवयीचं मी फारच लावून धरलं तेव्हा ती म्हणाली, तिवराला निदान चिखल तरी लागतो, फरशीवर तेसुद्धा उगवत नाही.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. बाहेरची रांग लागली, छातीला आली, आईला सांग, म्हणाले. आई ते ऐकून इतकी खूश झाली की दुसऱ्याच दिवशी जायचा हट्ट धरला. आम्ही रामवाडीला उतरलो, रिक्षा केली आणि बांधावरून चालत गेलो. मी पुढे, ती माझ्या खांद्याला धरून मागे. बाहेरच्या बाजूला तिने लावलेलं तिवर एका ओळीत उभं होतं, भाताच्या लावणीसारखं सरळ. भरतीची लाट त्याच्यात शिरून दमून बांधाला लागत होती. अगदी आज्या सांगायच्या तशी. आतल्या बाजूला आमचं शेत होतं तिथे तेवढंच दाट तिवर, पार देवळापर्यंत, आणि त्याच्यापुढे ती पाटी. मधे बांध, त्याला कोणाचंच रक्षण करायचं उरलं नव्हतं.

मी पुन्हा सुरू झाले. ठेकेदार, खातं, तो गोड बोलणारा साहेब, सगळ्यांचा उद्धार केला. आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग बाहेरच्या रांगेकडे हात केला, मग आत. आवाजात राग नव्हता. लहानपणी पान उलटं करून दाखवलं होतं तशीच दाखवत होती.

"भायेरची मी लावली, गो," ती म्हणाली. "आतली तू."