पहिल्या पानावरची सही

बीडच्या त्या कार्यालयात यादी छापायची म्हटली की यशोधरा गायसमुद्रेला हाक जायची. आडनाव अर्ध्यात कापलं जातंय, अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, शेवटचा रकाना कागदाबाहेर पडतो. अशा सगळ्या दुखण्यांवर इलाज तिच्याकडे होता. नावाचा रकाना किती रुंद हवा हे ती स्वतःचं पूर्ण नाव टाकून ठरवायची. तिच्याहून लांब नाव कार्यालयात कुणाचं नव्हतं.

चौदा वर्षं ती कंत्राटी ऑपरेटर होती. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. बाळंतपणात एक आदेश निघालाच नाही, म्हणून नेमणुकीची तारीख पुढे सरकली आणि ज्येष्ठतेत ती तळाला गेली.

विजयसिंह साहेबांची एक खोड होती. यादी लांबली आणि दुसऱ्या पानावर नुसती सहीची जागा गेली की ते कागद भिरकावायचे. "कोऱ्या पानावर सही करू काय मी?" शेवटी यशोधराने रिपोर्टच्या साच्यात सहीची जागा शेवटच्या नावाखालून काढली आणि पहिल्या पानाच्या तळाला कायमची बसवली. यादी कितीही लांबो, साहेबांचं नाव आणि पद तिथेच. साहेब खूश झाले.

मग कंत्राटी लोकांना कायम करण्यासाठी वरून यादी मागवली गेली. अडतीस नावं. यशोधराने अक्षर बारीक केलं, ओळींमधली जागा तासली आणि सगळी नावं एका पानात बसवली. सदतिसावा शिपाई शहादेव, अडतिसावी ती. खाली 'एकूण ३८'. साहेबांच्या खोलीतल्या संगणकावर तिने मूळ फाइलसोबत पीडीएफ ठेवली आणि तिथल्या लिपिकाला, अभिमन्यूला, बजावलं, "भाऊ, हीच छापा. मूळ फाइल उघडू नका, तुमच्या मशीनवर हा फॉन्ट नाही."

दुसऱ्या दिवशी तिला धारूरच्या शिबिराला पाठवलं.

त्याच दिवशी साहेबांना यादीवर आजची तारीख हवी झाली. पीडीएफमध्ये ती बदलेना. अभिमन्यूने मूळ फाइल उघडली. न सापडलेल्या फॉन्टऐवजी मशीनने दुसरा, थोराड फॉन्ट लावला. ओळी फुगल्या. छत्तीस नावं पहिल्या पानावर मावली. उरलेली दोन आणि 'एकूण ३८' दुसऱ्यावर गेली. पहिल्याच्या तळाला सहीची जागा होतीच. सही झाली, शिक्का बसला, पाकीट गेलं.

चार महिन्यांनी मंजुरी आली, छत्तीस जणांची.

शहादेव तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, याद्या तुमीच छापता ना? मग आमचंच नाव कावून गेलं?"

"मी धारूरला होते, शहादेवभाऊ."

"तुमचं बी गेलं म्हनून गप बसतो. न्हाईतर लई बोललो असतो."

ते दुसरं पान तिला सापडलं एका पाठकोऱ्या गठ्ठ्यात. कच्ची प्रत काढली तर पाठीमागे नावांच्या दोन ओळी छापलेल्या, खाली 'एकूण ३८'. एकीत तिचं नाव, एक अक्षरही न कापलेलं.

ती ते पान घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्म्यातून पाहिलं. "खाली सहीची जागा होती. म्हणजे यादी संपली, असंच धरणार ना मी?"

"जागा मीच बसवली होती, साहेब. तुम्ही सांगितलं म्हणून."

"मग?"

पुरवणी यादीचं पत्र गेलं. मुदत संपली, असं उत्तर आलं.

त्या आठवड्यात यशोधराने सहीची जागा पुन्हा यादीच्या शेवटी नेली. पुढच्याच यादीत साहेबांचं नाव दुसऱ्या पानावर एकटं पडलं. यादी परत आली. "हे काय बाई? पूर्वीसारखं करा."

त्यांच्या टेबलावर सहीसाठी काही कागद होते. वरचा तिच्या पुढच्या अकरा महिन्यांचा आदेश होता. तो तिनेच छापला होता.

ती जागेवर आली, रिपोर्ट उघडला आणि सहीची जागा पहिल्या पानाच्या तळाला नेऊन ठेवली.