दादाच्या ताटातली गव्हाची पोळी

दादा गेल्याचा निरोप घनसावंगीहून आलेल्या जीपवाल्याने दिला. आतड्यात गाठ असल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी त्याच जीपने गावाकडे निघालो.

आमच्या घरातला दादा पहिला मास्तर आणि मी पहिला पदवीधर, तोही त्याच्या जिवावर. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मायने गावात भाकरी मागायला जाणं सोडलं. दादाने ते दिवस पाहिलेले. नोकरी लागताच तो गहू घेऊन आला. म्हणाला, "माय, आजपासून घरात पोळी. लोकांची भाकर लई खाल्ली."

काही वर्षांत तो वाळत गेला. सारखे जुलाब, फुगलेलं पोट, अंगात रक्त नाही. आजाऱ्याला पोळी हलकी, या समजाने वहिनी तिला आणखी तूप लावायची. शेवटी मुंबईच्या दवाखान्यात आतड्याचा तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, गव्हातला चिकट अंश पोटात गेला की शरीराचे राखणदारच आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतात. ही खोड रक्तातून येते. घरात सगळ्यांनाच होईल असं नाही, पण धोका असतो. गहू जन्मभर बंद, ज्वारी चालेल. आमची आत्या अशीच झिजून गेली होती. तिला करणी झाली म्हणायचे.

दादाने ऐकलं नाही. "एवढं शिकून परत भाकरीवरच येऊ का?"

मग त्याची धाकटी सुजाता तशीच दिसू लागली. तिलाही तोच आजार निघाला. वहिनीने भाकर वाढली तर पोरीने ताट सरकवलं. "बाबा पोळी खाऊन राह्यले, मंग मलाच भाकर का?"

दादा आपल्या ताटातली पोळी काढून वहिनीला म्हणाला, "मला बी भाकरच टाक."

गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून तो स्वतः जात्यावर बसायचा. शेजारी विचारायचे, "मास्तर, दळण कसं काय?" तो म्हणायचा, "त्यात काय? वर्गात बी दळतोच की." सुजाताचे गाल भरले. त्याला मात्र उशीर झाला होता; आतड्यात गाठ धरली होती.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या पंगतीत एका मावशीने कळवळून सुजाताच्या ताटात पोळी टाकली. "बिनबापाचं लेकरू, आज तरी खाऊ दे." सुजाताने ती उचलून परत दिली. "न्हाई मावशी. मला बाबानं दळलेल्या पिठाची भाकर पाहिजे."

ते पीठ पुढच्या आठवड्यात संपलं. आता दर रविवारी मी घनसावंगीला जातो आणि जात्यावर बसतो.