मागच्या चाकांचे ब्रेक

आठवडाभर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली लोळून झालं की सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीला पाना डोळ्यांसमोर नको व्हायचा. पन्नाशी उलटली होती. गुडघे कुरकुरत होते आणि उजवा खांदा तर पार कामातून गेला होता. त्या रविवारी तो अंथरुणात नुसता पडून होता, तेवढ्यात थोरल्या बहिणीचा फोन आला.

“बाळ्या, झोपलायस का?”

सगळा डेपो ज्याला मिस्त्री म्हणे, त्याला बाळ्या म्हणणारी आता ही एकटीच उरली होती.

“नाही गं, बोल.”

“गाडीचा ब्रेक जरा खाली जातोय. सवडीनं बघशील?”

ताईच्या तोंडी ‘जरा’ आलं की प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं, हे तो लहानपणापासून जाणून होता. एक सुस्कारा सोडून त्यानं हत्यारांची पेटी उचलली.

गाडी म्हणजे एक जुनाट पिकअप. भावोजी तिच्यातून हॉटेलांच्या चादरी धुलाईला न्यायचे, धुतलेल्या परत पोचवायचे. त्यांची पाठ कायमची धरली तेव्हा ताईनं स्टीअरिंग हातात घेतलं. “चढावर आम्ही दोघी सारख्याच धापा टाकतो,” असं ती हसत सांगायची.

मिस्त्रीनं पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकवर उचलली, खाली स्टँड सरकवले. डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ दिसला तेव्हाच त्याच्या कपाळावर आठी पडली. ड्रम गंजून घट्ट बसला होता. हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून ठोकून एकदाचा निघाला. आतल्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल ठिबकत होतं, ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर तेलानं चिंब झाले होते आणि झिजून झिजून त्यांना धरणारे रिबेट उघडे पडले होते.

“ताई, हे आजचं नाही. किती दिवस चालवतेयस अशी?”

“झाले थोडे.”

“आणि थांबवायचीस कशी?”

“गिअर खाली टाकायचे. मग हँडब्रेक.” ती ड्रमकडेच बघत राहिली. “परवा हॉटेलच्या उतारावर तेही जमलं नाही. वाळूच्या ढिगात घातली गाडी. कुणाला लागलं नाही.”

मिस्त्री ओरडला, “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मला एक फोन करता येत नव्हता?”

“मागे केला होता की, लाइटच्या वायरीसाठी. आलास, पण जेवताना घास हातात धरून झोपलास तू, बाळ्या. परत कुठल्या तोंडानं बोलावू?”

त्यानं साबणाच्या पाण्यानं आतली काळी धूळ धुऊन काढली आणि कामाला लागला. दुकानातून मागवलेला नवा सिलिंडर बसला, नवे लायनर बसले, पण वरची स्प्रिंग ओढून अडकवताना खांद्यातून अशी कळ आली की पक्कड हातातून निसटली. दुसऱ्यांदा ओढून त्यानं ती कशीबशी अडकवली. नंतर उपड्या बादलीवर बसला तो उठेचना. उजवं चाक अजून जसंच्या तसं होतं.

“सरक,” ताई म्हणाली. तिनं पदर खोचला. “कुठून सुरुवात करू सांग.”

तो सांगत गेला, ती करत गेली. एक स्प्रिंग उलटी लागली तेव्हा ती उठून डावं उघडं चाक बघून आली आणि पुन्हा नीट लावली. शेवटी तिनं दोन्ही ड्रम चढवून हातानं फिरवले.

“पुसटसं घासल्यासारखं ऐकू येतंय?” मिस्त्रीनं विचारलं.

“येतंय.”

“मग बरोबर आहे.”

आता ब्रेक ऑइलच्या पाइपातली हवा काढायची होती. एक जण चाकापाशी, एक जण पेडलवर, असं दोघांचं काम. मिस्त्री उठायला लागला, तर दारातून भावोजी म्हणाले, “पाय चालतात अजून माझे. पाठ गेलीय फक्त.” भिंतीला धरत धरत ते आले, ताईच्या आधारानं सीटवर चढले. कितीतरी दिवसांनी ते आपल्या जागेवर बसत होते.

“दाबा!” चाकापासून ताई ओरडायची. “धरून ठेवा! हं, आता सोडा!”

“घरातही असंच चालतं,” भावोजी खिडकीतून मिस्त्रीला म्हणाले. तिघंही दमलेलं, अर्धवट हसले.

ऑइलमधले बुडबुडे थांबले. मिस्त्रीनं प्रत्येक नट स्वतः पाना लावून तपासला, चाकं चढवून घेतली, पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. मागच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून बघायचं ठरलं. गाडी ताई चालवणार होती आणि तो शेजारी बसून आवाज ऐकणार होता.

पहिल्या वळणाआधी तिनं ब्रेक लावला. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली.

“कसा वाटतोय रे?”

उत्तरादाखल मंद घोरणं ऐकू आलं. मिस्त्रीचं डोकं पुढे झुकलं आणि पुन्हा सीटला टेकलं. तोंड किंचित उघडं होतं, बोटांना अजून काळं लागलेलं होतं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, हळूच गिअर टाकला आणि घराकडे न वळता सरळ पुढे निघाली.