कुबानिचचा रिकामा पाळणा

कुबानिच त्रेसष्टाव्या वर्षी बाप होणार, अशी कुजबुज आमच्या तोकमोक शहरभर पसरली होती, आणि ती पसरवण्यात माझाही हातभार होता. म्हातारा दर रविवारी गाड्यांच्या बाजारात डुलता लाकडी पाळणा खांद्यावर घेऊन हिंडायचा. मग लोक काय गप्प बसणार?

विक्रेता एर्मेक छोट्या एसयूव्हींचं इंजिन, मागचा कॅमेरा कौतुकानं दाखवायचा. कुबानिच आत पाळणा ठेवून एवढंच म्हणायचा, "खड्ड्यांतून ने." पाळणा डुलला की गाडी नापास. रिकामा पाळणा डुलला तर बाळाला वाईट, असं आम्ही सगळेच मानतो.

"आजोबा, दोरीनं बांधा की!" एर्मेक वैतागला.

"आधी तुझी जीभ बांध. घाटात दोरी सैल पडते."

सहाव्या गाडीत पाळणा पुढच्या-मागच्या सीटांमध्ये घट्ट बसला. एर्मेकनं चिडून एकही खड्डा चुकवला नाही, तरी पाळणा ढिम्म.

"हीच घेतो," कुबानिच म्हणाला.

"आणि नवी बायको कुठं लपवलीस?" मी विचारलं. तेव्हा कुठं त्यानं हसत खरं काय ते सांगितलं.

बाळ त्याच्या लेकीचं होतं. ती घाटापलीकडे नारिनला राहते. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि पहिल्या बाळाचा पाळणा माहेरहून न्यायचा असतो.