मराठीतच तर बोलले होते

माझ्या हातात माइक देऊ नये, हे आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी दर कार्यक्रमाला पाहुण्यांचा परिचय करून द्यायला मलाच उभं करतात. पाहुणे दहा मिनिटं बोलले तर मी बारा बोलते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, मला आतून गुदगुल्या होतात. देश सोडून मॉरिसव्हिलला येऊन बावीस वर्षं झाली. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि शनिवारी माइकवर स्वतः करते. त्यातली एक चूक अशी झाली की तिचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा निवडणुकीला उभा होता. तो आठवीत होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. कॉलेज संपवून हा पठ्ठ्या सैन्यात गेला तेव्हा मंडळात काय कुजबुज झाली म्हणता! "एवढे मार्क असून?" "घरात काहीतरी बिनसलं असेल." मैत्रीण दोन महिने कुठल्या कार्यक्रमाला आली नाही. तो दोनदा अफगाणिस्तानात जाऊन आला, पस्तिशी ओलांडली, आणि इथल्या संसदेच्या जागेसाठी प्रायमरीत उतरला, तर तीच मंडळी त्याच्याबरोबर फोटो काढायला पुढे. प्रायमरी म्हणजे पक्षातल्या पक्षात होणारी निवडणूक. तिकीट कुणाला ते वरून ठरत नाही, मतदार ठरवतात. जुने खासदार निवृत्त होत होते, त्यामुळे एकाच पक्षाचे अकरा जण उभे राहिले. दोन वकील, एक दाताचा डॉक्टर, एक पाद्री, घरं विकणारा एक, आणखी कोण कोण. बोलणं सगळ्यांचं जवळजवळ एकच. आमच्या कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी गवतात अकरा पाट्या रोवलेल्या होत्या. त्याच्या पाटीवर नावाखाली 'माजी सैनिक' एवढंच.

त्याची कॅम्पेन मॅनेजर, एक तरतरीत मुलगी, त्याच्यावर वैतागलेली असायची. "अकरा जणांत लक्षात राहायचं तर गोष्ट लागते," ती म्हणायची, "आणि याच्याकडे ती नक्की आहे, पण हा तोंड उघडत नाही." खरंच उघडायचा नाही. सभेत कुणी लढाईबद्दल विचारलं तर "हो, मी तिथे होतो," म्हणून लगेच शाळा आणि औषधांच्या किमतींवर यायचा. शिवाय हा कुणाशी हात मिळवायचा नाही. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, आणि हात मिळवत नाही! दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा. आमचे लोक खूश. "याला म्हणतात संस्कार!" असं सगळ्यांना सांगत फिरणाऱ्यांत मीही होते.

संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी दुपारी मी मैत्रिणीकडे तिळाचे लाडू वळत होते. दीडशे माणसांचे लाडू, चेष्टा नाही. तीळ कमी पडले म्हणून मैत्रीण दुकानात गेली आणि हा मदतीला येऊन बसला. पाक गरम असतानाच हाताला तूप लावून भराभर वळावं लागतं. पाच-सहा वळले आणि हा थांबला, तळहाताकडे बघत बसला.

"मावशी, हे किती लवकर थंड होतं," तो म्हणाला.

"म्हणून तर म्हणते, हात चालव."

त्याने हात चालवला नाही. अर्धं इंग्रजीत, अर्धं आपल्या लहानपणच्या मराठीत तो बोलायला लागला. त्याच्या तुकडीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, इथल्याच राज्यातला, पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका गावचा. रस्त्यात पुरलेला बाँब फुटला. धुळीचं वादळ होतं, हेलिकॉप्टर येईना. चाळीस मिनिटं हा त्याचा हात धरून बसला. सुरुवातीची काही मिनिटं वेदना होत्या, मग इंजेक्शनने त्या थांबल्या, पण पोरगा शुद्धीवर होता. आईला हाका मारत होता. आई शेजारच्या खोलीत आहे आणि तिला ऐकू जात नाहीये, अशा आवाजात. नंतर तो हात सोडवून घ्यावा लागला.

"आता कुणी हात धरला ना, की मी मिनिटं मोजायला लागतो," तो म्हणाला.

नमस्काराचं कारण हे होतं तर, आणि आम्ही गाढवं संस्कार संस्कार करत होतो.

"आणि त्याच्या आईला कळवलंस?"

"पत्र मलाच लिहायचं होतं, अधिकारी म्हणून. मी लिहिलं, एका क्षणात झालं, त्याला काही कळलंसुद्धा नाही." त्याने हाताचं तूप पुसलं. "दर ख्रिसमसला तिचं कार्ड येतं. लिहिते, तुझ्या त्या एका वाक्यावर मी जगते आहे. मावशी, हे माझ्या आईलाही माहीत नाही. तिला कळता कामा नये. त्या आईला, म्हणजे."

"माझ्या पोटात राहील," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आता आपल्या लोकांची एक खोड सांगते. इथे राहून आपल्याला मराठी म्हणजे कुलूप लावलेली खोली वाटायला लागते. दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या केसांवर आपण खुशाल शेरे मारतो. गाडी घेताना सेल्समनच्या समोर नवऱ्याला सांगतो, "अजून उतरेल हा, तू तोंड पाडून बस." डॉक्टरच्या देखत डॉक्टरला नावं ठेवतो. कुणी पकडत नाही. मराठीत बोललं म्हणजे घरातल्या घरात बोललं. बावीस वर्षं मी अशीच वागत आले होते.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मी त्याच्या परिचयाचं पान लिहून नेलं होतं, शाळा, पदव्या, पदकं. पण कोण ऐकतंय? पोरं खुर्च्यांमधून पळत होती, मागे जेवणाचे ट्रे उघडल्याचा वास सुटला होता, पहिल्या रांगेतले एक काका फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते. माझं डोकं फिरलं. हा मुलगा कोण आहे याची यांना काही कल्पना आहे का? मी पान घडी करून ठेवलं आणि ती गोष्ट सांगितली. हात, चाळीस मिनिटं, हाका. इतकंच करून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी पत्रसुद्धा सांगितलं. "त्या माउलीला दुःख नको म्हणून याने सगळं एकट्याने पोटात ठेवलं," असं म्हणाले. म्हणताना माझाच गळा दाटून आला आणि, खोटं कशाला बोलू, दाटून आला याचं मला बरंही वाटलं.

पळणारी पोरं जागच्या जागी थांबली. काकांनी फोन खाली ठेवला. माझी मैत्रीण तोंडाला पदर लावून रडत होती, तिला हे आत्ताच कळत होतं, दीडशे माणसांत. आणि तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी आज शांत झोपले असते.

तो उठला, तीन वाक्यं बोलला, हात जोडून खाली बसला. नंतर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. "अरे, माझं चुकलं रे. माझ्या जिभेला काही हाड नाही."

"असू दे, मावशी," तो म्हणाला. "मराठीतच होतं ना."

म्हणजे त्यालाही तसंच वाटलं. आपलाच तो.

पण मंडळाच्या व्हिडिओचं काम बघणारा एक उत्साही माणूस आहे, कधी कुणाला नाही म्हणणार नाही असा. आपल्या पोरांना मराठी धड कळत नाही म्हणून तो हल्ली सगळ्या कार्यक्रमांखाली इंग्रजी ओळी टाकतो. रविवारी त्याने व्हिडिओ चढवला. सोमवारी त्यातलं माझं दीड मिनिट कापून कुणीतरी पुढे पाठवलं. मंगळवारी माझ्या ऑफिसातल्या एका गोऱ्या मुलीने डोळे पुसत मला विचारलं, "ही तूच ना?" मी पळत बाहेर जाऊन फोन लावले. त्याने व्हिडिओ काढून टाकला, लगेच टाकला, पण तोवर तो शंभर ठिकाणी पोचला होता. कॅम्पेन मॅनेजरने मला फोन करून आभार मानले. "तुम्ही कमाल केलीत," ती म्हणाली. "आठवडाभरापूर्वी याला कोणी ओळखत नव्हतं, आता सगळे याच्याबद्दलच बोलतायत." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी फोन ठेवला.

निवडणुकीचं आत्ताच सांगून टाकते. तो हरला, अकरांत तिसरा आला. सगळ्या उमेदवारांची टीव्हीवरची एकत्र चर्चा होती त्या दुपारी त्याची खुर्ची रिकामी राहिली. लोकांना ते आवडलं नाही, घाबरला म्हणाले. त्या वेळी तो कुठे होता हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. मी सांगते, कारण मी बरोबर होते.

त्याच आठवड्यात, चर्चेच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मी तिच्याकडे जातोय. तिने दुसऱ्या कुणाकडून बघायच्या आत." मी म्हणाले, मीही येते. तो नको म्हणाला. मी गाडीत जाऊन बसले. वाट चार तासांची होती. मी मनात एकच म्हणत होते, देवा, तिने बघितलेलं नसू दे. डोंगरातलं लहान गाव आहे, वयस्कर बाई आहे, ती कशाला हे असलं बघायला जाईल? एवढं झालं तरी मला वाटतच होतं की जग आपल्या सोयीने बहिरं असेल.

तिने दार उघडलं आणि आमच्याकडे बघितल्याबरोबर मला कळलं. तिच्या भाचीने आदल्या दिवशीच तो व्हिडिओ पाठवला होता. ती साठीची, बारीक अंगाची बाई. शांत होती. आत बोलावलं, कॉफी दिली. भिंतीवर तिच्या मुलाचा शाळेतला फोटो होता. मी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा मान वर होईना.

"तिथे तेव्हा किती वाजले होते?" तिने त्याला विचारलं.

"संध्याकाळ होती. सूर्य मावळत होता."

"म्हणजे इथे सकाळ." तिने कप बाजूला ठेवला. "त्या सकाळी मी केस कापायला गेले होते. तिथल्या बाईबरोबर हसत होते, मला आठवतंय. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, मला काही जाणवलं नाही कारण जाणवायला वेळच नव्हता, क्षणात झालं. आणि तू म्हणतोस चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं तो मला हाका मारत होता, आणि मी हसत होते."

ती रडली नाही. तो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला. "त्याला दुखत नव्हतं," तो म्हणाला. "सुरुवातीला थोडा वेळ, मग नाही. खरंच नाही. त्याला वाटत होतं की तुम्ही जवळच आहात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी मायेने विचारलं, "बाळा, हेही तू माझ्यासाठीच सांगतोयस का?"

तो सांगत होता ते खरं होतं. लाडू वळताना त्याने मला तेच सांगितलं होतं, तेव्हा कुणाला बरं वाटावं म्हणून सांगत नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो खरं आहे, मी ऐकलंय! पण त्या घरात माझ्या शब्दाला काय किंमत? बारा वर्षांपूर्वी तिला द्यायला त्याच्याकडे एक खोटं वाक्य होतं आणि ते तिने उराशी धरलं. आता खरं होतं, तर ते ती हातात घेईना.

आम्ही निघालो. तो गाडीकडे गेला, मी दारात घुटमळले. मला माफी मागायची होती. बावीस वर्षांत कधी शब्दाला अडले नाही, तिथे अडले. तिनेच विचारलं, "तुला मुलं आहेत?"

"एक मुलगा," मी म्हणाले. "बॉथेलला असतो. लांब."

"त्याच्या बाबतीत असं झालं असतं, तर तुला ते कळायला हवं असतं का?"

कळायला हवं असतं, सत्य ते सत्य, असं म्हटलं असतं तर माझा गुन्हा जरा हलका झाला असता. जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मलाही नको होतं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.