ताकीवाच्या सहा आठवड्यांच्या वेण्या

आमच्या माम्पोंग गावात ताकीवाच्या वेणीची ख्याती अशी, की तिच्या खुर्चीतून उठलेल्या बाईच्या भुवया दोन दिवस खाली येत नसत. नवऱ्याला उगाच वाटे, आज बायको आपल्याकडे फार कौतुकानं बघतेय. गिऱ्हाइकं घरून निघतानाच डोकेदुखीची गोळी गिळून येत. ती गोळी म्हणजे तक्रार नव्हती, दाद होती. "दुखली नाही तर ती वेणी कसली?" असं म्हणण्याचीच रीत. घट्ट ती टिकाऊ, टिकाऊ ती सहा आठवडे, आणि सहा आठवडे म्हटलं की ताकीवा. लॉरी स्टँडला लागून असलेल्या तिच्या निळ्या पत्र्याच्या दुकानात शनिवारी बायका भाजलेली केळी खात नंबर लावून बसायच्या.

अशा बाईच्या स्वतःच्या डोक्याला मात्र बारा महिने फडकं. गावानं या विषयाचा भरपूर अभ्यास केला होता. कुणी म्हणे, गर्व आहे, दुसरीचा हात डोक्याला लावून घेत नाही. कुणी म्हणे, चर्चमध्ये काही नवस बोललेली असणार. एकीनं तर ती फडक्यात सोनं बांधून ठेवते इथवर मजल मारली होती. फडक्याखाली सोनं नव्हतं. कपाळाच्या दोन्ही कडांना, कानाच्या वरपर्यंत, हाताचा पंजा मावेल एवढी जागा होती आणि तिच्यावर एकही केस नव्हता.

तरुणपणी ताकीवाच स्वतःच्या दुकानाची पाटी होती. सगळ्यात घट्ट वेण्या तिच्याच डोक्यावर. आधी कडांना बारीक पुटकुळ्या आल्या. तिनं शियाच्या बियांचं लोणी चोळलं. मग वेणीत गुंफलेल्या नकली केसांच्या गठ्ठ्याबरोबर मुळापासून खरे केस निघून यायला लागले. तेव्हा थांबायचं सोडून तिनं कडांमागचे केस पुढं ओढले, आणि फट झाकायला त्यांनाच आणखी जड गठ्ठे बांधले. भिंत पडली म्हणून छपराचे वासे काढून भिंतीला टेकू द्यावेत, तशातला प्रकार. मागचेही गेले.

तिचा धाकटा भाऊ ओसेई बत्तिसाव्या वर्षीच तुळतुळीत झाला होता. त्यानंही कांद्याचा रस लावून पाहिला, कुणीतरी दिलेला काळा लेप लावून पाहिला. दोन उशा तेवढ्या खराब झाल्या. मग एक दिवस कुणाच्या तरी उत्तरकार्यात लोकांनी त्याला पुढच्या रांगेत खुर्ची दिली आणि "चेअरमन" म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून त्यानं औषधं सोडली.

"ताई, लोकांना माझ्या डोक्यावर पैसा दिसतो," तो म्हणायचा. "खिशात कोण डोकावतंय?"

ताकीवा हसायची. एकाच आईची दोन लेकरं, दोघांची डोकी उघडी पडलेली. त्याला खुर्ची मिळाली, आणि तिचं कळलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

आठ वर्षांपूर्वी ती गुपचूप कुमासीला जाऊन एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आली होती. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"कापड विकते."

"आणि वेण्या कोण घालतं तुमच्या?"

"आहे एक आमच्या गावात."

"तिच्या हातात शेळीचं दावंसुद्धा देऊ नका," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी नीट समजावलं. भावाचं टक्कल रक्तातून आलंय. बायकांनाही तसं येतं, पण त्यांचा भांग रुंदावत जातो, वरचे केस विरळ होतात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर मुठीमुठीनं गळतात, ते बहुतेक परत येतात. तुमचं यातलं काहीच नाही, तुमचं ओढून ओढून गेलंय. पुटकुळ्या आल्या तेव्हाच सैल सोडलं असतं तर सगळं परत आलं असतं. आता थोडं मागचं येईल, पुढचं नाही. लावायला एक औषध दिलं आणि म्हणाल्या, औषधाआधी ओढणं बंद.

स्वतःचं ओढणं ताकीवानं त्याच दिवशी बंद केलं. दुकानातही दोघी-तिघींना सैल घालून पाहिल्या. "मॅडम, आज जेवला नाहीत वाटतं?" एकजण म्हणाली, आणि पुढच्या वेळी रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन बसली. ताकीवाच्या बोटांत पुन्हा जोर आला. तो आठ वर्षं टिकला. गिऱ्हाइकाच्या कडेला पुटकुळ्या दिसल्या की ती तिथं जास्तीचं लोणी लावायची आणि दुसरीकडं बघायची.

मग तिची आई गेली.

आई गेली की लेकरांनी मुंडण करायचं, ही आमच्याकडची रीत. हल्ली शहरातली मंडळी नुसतेच केस बारीक करून वेळ मारून नेतात, पण घराण्यातले वडीलधारे बेडिआकोमामा जुन्या वळणाचे. त्यांनी अंगणात स्टूल मांडायला लावलं. ओसेईनं पुढं होऊन डोकं वाकवलं. "मामा, माझं आईनं आधीच करून ठेवलंय, बघा." रडणाऱ्या बायकासुद्धा पदराआड हसल्या. मग सगळे ताकीवाकडं बघायला लागले.

"मला डॉक्टरनं पातं लावू नको म्हटलंय," ती म्हणाली.

"कुठल्या डॉक्टरनं?" मामांनी विचारलं. "पातं डोक्याला लागतं, दुःख पोटात असतं. आईसाठी एवढं होत नसेल तर तसं सांग."

अंगणात कुजबूज सुरू झाली. फडकं काढलं तर धंदा जाणार, न काढलं तर लेक म्हणून नाव जाणार. ती घटकाभर उभी राहिली आणि स्टुलावर जाऊन बसली.

पातं एन्सोवामावशीच्या हातात होतं. मावशीनं फडकं सोडलं, पाहिलं, आणि आपलं रुंद अंग अंगणातली मंडळी आणि स्टूल यांच्या मध्ये आणून उभी राहिली. कडांवर भराभर पाणी मारत ती पुटपुटली, "इथं तर मला कामच ठेवलं नाहीस, पोरी." बाकी कुणाला काही कळलं नाही. पाच मिनिटांत सगळं डोकं सारखं झालं, आणि जिथं केस होते आणि जिथं नव्हते त्यात फरक उरला नाही.

शनिवारी उत्तरकार्याला सुतकाच्या लाल-काळ्या कापडांची गर्दी लोटली. बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "हुबेहूब आईसारखी दिसतेस." जिच्यासाठी इतकी वर्षं जीव टांगणीला लागला होता, ती गोष्ट एवढी सोपी निघाली. चारचौघांत ती उघड्या डोक्यानं जेवली.

पण केसाला लाज नसते. तीन आठवड्यांनी डोक्यावर काळी लव उगवली, आणि नदीचं पाणी काठाशी थांबावं तशी कडांना थांबली. आता नकाशा पूर्वीपेक्षा स्पष्ट. ताकीवानं सुतकाचं काळं फडकं बांधलं. कुणाला काही विचारायचं कारण नव्हतं.

एका मंगळवारी शाळेत शिकवणाऱ्या अम्पोन्साबाई आपल्या लेकीला, न्हिराला, घेऊन आल्या. पोरीची शाळा संपून आठ महिने झाले होते. शाळेच्या नियमानं इतकी वर्षं मुलासारखे कापलेले केस आता कुठं बोटांत यायला लागले होते. आयुष्यातल्या पहिल्या वेण्या. पोरगी आरशासमोर मान वळवून वळवून बघत होती.

"गोळी दिलीय तिला," अम्पोन्साबाई बसत म्हणाल्या. "अगदी घट्ट घाल. माझ्यासारख्या."

ताकीवानं पहिली बट उचलली. कपाळाकडेचे ते केस नुकत्या उगवलेल्या गवतासारखे मऊ होते. तिची बोटं सवयीनं आवळली गेली, पोरीचे डोळे मिटले, ओठ दाबले गेले, पण तोंडातून हूं का चूं नाही. दुखलं तरी बोलायचं नसतं हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ताकीवानं बट सोडली. स्वतःच्या डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं.

"बाई, हे बघा. घट्ट वेण्यांनी असं होतं."

अम्पोन्साबाई बघत राहिल्या. मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या कपाळाच्या कडेकडं गेला.

"केव्हापासून ठाऊक आहे तुला?"

"आठ वर्षं झाली."

"बारा वर्षं मी तुझ्याकडं येतेय," बाई म्हणाल्या. वर्गात पोरांना घाम फोडणारा आवाज अगदी खाली आला होता. "दर वेळी तू लोणी लावत होतीस."

"हो."

त्यांनी न्हिराचं मनगट धरलं आणि एका शब्दानं निरोप न घेता निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, आणि गावानं ते मीठमसाला लावून वाढलं. पलीकडच्या दुकानाबाहेर जादा बाक आला. "ताकीवाचा हात गेला," बायका म्हणाल्या, कारण ती आता प्रत्येकीला आधीच सांगत होती: तीन आठवडे टिकतील, नकली केस थोडे लावीन, दुखलं तर थांबव. ओसेई येऊन रिकाम्या खुर्चीत बसला. "चेअरमनसाठी काही आहे का?" त्याच्याकडं बघून ती या सगळ्यात पहिल्यांदा रडली. त्यानं मान खाली घातली आणि चेष्टा आवरली.

त्या मंगळवारनंतर चौदाव्या दिवशी अम्पोन्साबाई एकट्या आल्या. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. दार लोटून घेतलं, खुर्चीत बसल्या आणि डोक्यावरचा नकली केसांचा टोप उतरवला. वेण्या सोडलेल्या होत्या.

"बघ. आणि या वेळी खरं सांग."

ताकीवानं त्यांचं डोकं खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. कडांवरून अंगठा फिरवला. डावीकडं बारीक ठिपके हाताला लागत होते, त्यातून धाग्यासारखे केस डोकावत होते. उजवीकडं कानावर बोटभर जागा काचेसारखी गुळगुळीत होती.

"डावीकडचं येईल. वर्षभर काही ओढायचं नाही, आणि कुमासीला दाखवून औषध लावायचं."

"आणि उजवीकडं?"

ताकीवाचं बोट त्या जागेवर थांबलं.

"तिथलं नाही, बाई. तिथलं माझ्या हातानं गेलं."

अम्पोन्साबाई आरशात तिच्याकडं बघत होत्या. बाहेर लॉरीवाला कुमासी, कुमासी असं ओरडत होता.

"न्हिराला शनिवारी घेऊन येते," बाई शेवटी म्हणाल्या. "मी बाजूला बसणार आहे. पोरीनं नुसता श्वास जरी जोरात घेतला, तरी तुला थांबावं लागेल."