चपलांजवळची कणसरी

माझ्या मुलीचा देव सरांनी दाराजवळ, चपलांच्या शेजारी ठेवला.

शनिवार होता. पिंपळनेरकडच्या आमच्या पाड्यावरची शाळा. मी तिथे खिचडी शिजवते. त्या दिवशी वर्गात सगळ्यांचे देवधर्म शिकवायचे होते. पोरांना सांगितलं होतं, घरचा देव आणा आणि त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोला. बाजारपेठेतल्या एका दुकानवाल्यांच्या घरच्या भाभी आल्या होत्या. त्या शनिवारी येऊन संस्कार शिकवतात, जाताना बिस्किटं वाटतात.

टेबलावर लाल कापड. त्यावर फोटो, पितळी मूर्ती. एका पोराने मशिदीचं चित्र काढून आणलं होतं, तेही ठेवलं.

माझी पोर तिसरीत. तिने सुपलीत नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं आणली होती. आमची कणसरी. आम्ही कोकणा आदिवासी. नवी नागली आधी तिला दाखवायची, मगच तोंडात घालायची. तिचा फोटो नसतो, मूर्ती नसते. दाणा म्हणजेच ती. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली कणसांची जुडी सकाळी मीच काढून दिली होती. डोक्यावरून ने, म्हणाले होते.

भाभी हसल्या. रागाने नाही, लाडाने. "अगं वेडाबाई, हा देव कुठला? ही तर भाकर."

सर म्हणाले, "भाभी, यांच्यात असंच असतं." आणि सुपली उचलली. "इथे कचरा सांडेल. तिकडे ठेवतो."

पोरं हसली. ज्यांच्या घरी अशीच जुडी टांगलेली आहे, तीही हसली. त्यांनी बाजारातून फोटो आणले होते.

मी दारातच उभी होते. हातात पळी. सुपली माझ्या पायाशी. वाकले असते तर उचलता आली असती. वाकले नाही. मोठ्या माणसांसमोर मला बोलता येत नाही. आणि माझं काम सरांच्या हातात.

मग भाभींनी विचारलं, "कोणाकोणाचा देव आला नाही?"

माझ्या पोरीने हात वर केला.

भाभींनी तिला एक फोटो दिला. घरी येऊन तिने तो जुडीच्या खिळ्याला लावला. जुडी खाली ठेवली.

"माय, आपला देव खोटा शे का?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"हाऊ खरा शे," फोटोकडे बोट दाखवून ती म्हणाली. "भाभीनी दिधा."

सोमवारी मी फोटो पुसला. त्या देवाशी माझं भांडण नाही. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेला.

सर म्हणाले, "मावशी, देव कोणी परत करतं का? भाभींना काय सांगू मी? खिचडीला दुसरी बाई बघू का?"

मी म्हणाले, "सर, देव आहे आमच्या घरी."

एवढंच. मग पातेली घासायला गेले.

काम राहील की जाईल, माहीत नाही. पोर अजून जुडीकडे बघत नाही. तिला कसं समजवायचं, तेही मला येत नाही. खिळा रिकामा आहे.

पण येत्या शनिवारी सुपली शाळेत जाणार. तिने नेली नाही तर मी नेईन. डोक्यावरून. लाल कापडावर ठेवीन आणि बाजूला उभी राहीन. कोणी खाली ठेवली तर उचलून परत वर ठेवीन. बोलता नाही आलं तरी ठेवीन.